काना, र आणि एक चपटी वायर

माझ्या लॅपटॉपवरचा काना गेला तेव्हा मी द्राक्षांच्या छाटणीवरचं एक पुस्तक टाइप करत होते. 'काडी' लिहिलं आणि पडद्यावर 'कडी' उमटलं. परत लिहिलं, परत कडी. बटण दाबलं जात होतं, खाली-वर होत होतं, आवाजही नेहमीसारखा येत होता. फक्त पडद्यावर काही येत नव्हतं. मग लक्षात आलं की र सुद्धा येत नाही. पूर्णविरामही नाही. 'सातारा' लिहून बघितलं तर नुसतं 'सत' उरलं. कराडचं 'कड' झालं. 'द्राक्ष'चं जे काही झालं ते तर वाचताच येत नव्हतं, आणि वाक्य संपायचं नाव घेईना.

सांगलीच्या एका प्रकाशकासाठी मी घरबसल्या अक्षरजुळणी करते. लेखकाने हाताने लिहिलेली पानं येतात, ती मी टाइप करते, पानं लावते आणि पाठवून देते. माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे हे काम लग्नाआधीपासूनचं. लग्न होऊन उंब्रजला आले तेव्हा साड्यांच्या बॅगेआधी मी लॅपटॉपची बॅग गाडीत ठेवली, हे माझी आई अजून पाहुण्यांना सांगते. सासरी ऊस आहे, दोन म्हशी आहेत आणि हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांचा दिवसभर आवाज आहे. नवरा पुण्याला कंपनीत. तो शनिवारी येतो, सोमवारी पहाटेची गाडी पकडतो. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघं: सासू, सासरे आणि मी. आमच्याकडे सगळ्या सुना सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

मामांविषयी आधी सांगायला हवं. ते लष्करात सिग्नलमध्ये, म्हणजे फोनच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन ऊस बघायला लागले. पण त्यांचा खरा जीव होता तो वायरींमध्ये. घरातलं एकही यंत्र त्यांनी उघडून बघितलं नाही असं नव्हतं. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, आत्यांचा मिक्सर, शेजारच्यांची टॉर्च, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांची हत्यारांची पत्र्याची पेटी होती, लष्करी हिरव्या रंगाची. ती नेहमी त्यांच्या कॉटखाली असायची.

आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता, आणि वेळेत मिरजेला नेता आलं. बोलणं, चालणं सगळं पंधरवड्यात मार्गावर आलं. उजवा हात मात्र मागे राहिला. खांद्यापासून मनगटापर्यंत ठीक, बोटं तेवढी ऐकेनात. घास खाता यायचा, पण शर्टाचं बटण लागायचं नाही. तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिले होते. कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे आणि काढायचे. मटकी आणि हरभरे एकत्र करून पुन्हा निवडायचे. मामा रोज सकाळी ओसरीवर बसून ते करायचे. ऑर्डर मिळालेली आहे म्हणून करायचे. एकदा आत्या सहज म्हणाल्या, "निवडताच हाय तर माझी तूरबी निवडा की." त्या दिवशी मामांनी ताट बाजूला सारलं आणि शेताकडे निघून गेले. संध्याकाळी आत्यांनी त्यांच्यासाठी आवडीचा भाकरी-झुणका केला. त्यानंतर हिरवी पेटी कॉटखालून हलली. माडीवर, जुन्या गोधड्यांमागे जाऊन बसली. ती त्यांनी स्वतः नेऊन ठेवली.

माझं आणि मामांचं बोलणं फारसं नव्हतं. भांडण नव्हतं, दुरावाही नव्हता. "मामा, चहा ठेवलाय." "बरं." "मामा, गोळी घेतली का?" "घेतली." एवढ्यावर आमचा दिवस निघायचा. मी सांगलीतल्या एका फ्लॅटमध्ये वाढलेली, आणि ते अर्धं आयुष्य डोंगरात तंबूत काढलेले. बोलायचं कशाबद्दल, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तर काना गेला. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, बटणांमधला कचरा फुंकरीने उडवला, कानाच्या बटणावर उगाच चार टिचक्या मारल्या. काही नाही. कराडच्या दुकानात फोन केला तर ते म्हणाले, ठेवून जा, पूर्ण कीबोर्ड बदलावा लागेल, मागवावा लागेल, आठ-दहा दिवस धरा. पुस्तक त्या महिन्यात छापायला जायचं होतं. छाटणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत ते बागायतदारांच्या हातात पडायला हवं होतं, नाहीतर वर्षभर त्याला कोण विचारणार. नवऱ्याला फोन केला. बाहेरून जोडायचा कीबोर्ड घेऊन येतो म्हणाला, पण शनिवारी. आणि तो दिवस होता मंगळवार.

मग मी पडद्यावर कीबोर्डचं चित्र उघडलं आणि जिथे काना किंवा र लागेल तिथे माऊसने त्या अक्षरावर टिचकी मारायला लागले. मराठीत काना आणि र किती लागतात हे मला त्या दिवशी कळलं. एक ओळ लिहायला जो वेळ लागत होता त्यात माझं एरवी अर्धं पान होतं. आत्या बहिणीकडे कोरेगावला गेल्या होत्या, तिथे भाचीचं लग्न ठरत होतं. घरात मी आणि मामा दोघंच. मी जेवणाच्या टेबलावर बसून टिचक्या मारत होते आणि मामा पाणी प्यायला आत आले.

ते पाणी पिऊन परत गेले नाहीत. माझ्या मागे उभे राहिले.

"ह्यो काय परकार?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ही तीन बटणं गेली, बाकी सगळी चालतात.

"कवापास्नं?"

"आज सकाळपासून."

"तिन्ही एकदम?"

"हो, एकदमच गेली बहुतेक."

मामांनी खुर्ची ओढली आणि बसले. माझ्यासमोर असे ते पहिल्यांदाच बसले असतील. "मंग बटणं न्हाईत बिघडली," ते म्हणाले. "आमच्याकडं एका केबलीवर पाच-सा फोन आसायचं. एक फोन बंद पडला तर फोन बघायचा. तीन फोन एकाच टायमाला बंद पडलं तर फोनला हात लावायचा न्हाई. लाइन बघायची. कुटंतरी जोड सैल झालाया."

मला ते पटलं, आणि पटल्याचं थोडं नवलही वाटलं. मी मोबाइलवर शोधायला लागले. माझ्याच मॉडेलचा लॅपटॉप उघडून दाखवणारा एक व्हिडिओ सापडला. कोणीतरी हिंदीत बोलत होता, फक्त हात दिसत होते. कीबोर्डपासून एक चपटी, रिबिनीसारखी वायर निघते आणि मदरबोर्डवरच्या खाचेत जाऊन बसते. तिच्यात बारीक बारीक रेघा असतात आणि प्रत्येक रेघेवर काही बटणं अवलंबून असतात. एखादी रेघ खाचेतल्या काट्याला नीट टेकली नाही की तेवढीच बटणं मुकी होतात. मामांनी तो भाग मला पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "ह्ये आपल्याला जमंल."

मी लगेच हो म्हणाले नाही. लॅपटॉप माझा होता, आणि पुस्तक त्यातच होतं. ते आधी पेन ड्राइव्हवर उतरवलं, वर प्रकाशकालाही मेल करून टाकलं. तेवढं झाल्यावर म्हटलं, "चला मामा, बघू."

ते माडीवर गेले. गोधड्या सरकवल्याचा आवाज आला. पेटी डाव्या हातात धरून, उजवा हात कठड्याला लावत, जिना उतरून आले.

खिडकीजवळ उजेड चांगला होता. टेबलावर आत्यांची विणलेली पांढरी चादर अंथरली, म्हणजे पडलेला स्क्रू दिसेल. मामांनी आधी मला खिडकीच्या गजाला हात लावायला सांगितलं आणि स्वतःही लावला. अंगातली वीज निघून जाते म्हणे. व्हिडिओतही तेच सांगितलं होतं, त्यामुळे मी काही विचारलं नाही. लॅपटॉप पालथा घातला. मी कागदावर त्याचा चौकोन काढला आणि निघेल तो स्क्रू त्याच जागी कागदावर ठेवत गेले, कारण काही लांब होते आणि काही आखूड. स्क्रू मी काढले. मामा पेटीतून पेचकस निवडून देत होते. पहिला थोडा मोठा झाला, दुसरा बरोबर बसला.

खालचं झाकण निघायला वेळ लागला. कडेला प्लॅस्टिकच्या आकड्या होत्या. मामांनी जुनं, वापरात नसलेलं एटीएम कार्ड पुढे केलं आणि ते मी फटीत सारत सारत कडेने फिरवलं. टक टक करत आकड्या सुटल्या. आत धूळ होती, कोपऱ्यात एक मेलेली मुंगी होती आणि बाकी सगळं काळं, हिरवं, चकचकीत होतं. मी आधी बॅटरीचा जोड काढला. व्हिडिओतल्या माणसाने त्यावर फार जोर दिला होता. वीज चालू असताना त्या वायरीला हात लावायचा नाही.

आता वायर ओळखायची. आत एकच चपटी वायर असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात चार होत्या.

"हीच," मामा म्हणाले आणि बोटाने मधली दाखवली. ती बॅटरीच्या अंगाने येत होती, बऱ्यापैकी रुंद.

मला ती नाही वाटली. "मामा, ही कुठून येते बघा ना," मी म्हणाले. आणि उदबत्तीच्या काडीने तिच्या बाजूबाजूने मागे गेले. ती बॅटरीच्या खालून जाऊन पुढच्या कडेला, जिथे आपण बोट फिरवून बाण हलवतो, त्या चौकोनात शिरत होती. "ही बोट फिरवायच्या पट्टीची."

मामांनी मान हलवली. "व्हय की. बरं झालं वढली न्हाई."

मग आम्ही प्रत्येक वायर तशीच मागे मागे जाऊन बघितली. एक अगदी अरुंद, दोन-चार रेघांची, कोपऱ्यात चालू करायच्या बटणाकडे जात होती. दुसरी अरुंद कीबोर्डकडूनच येत होती, पण तिच्यात रेघा कमी होत्या. ती बटणांखालच्या दिव्यांची असावी असं मी म्हटलं, कारण अंधारात माझी बटणं उजळतात. आणि तिच्या शेजारी, कीबोर्डच्या खालून एका फटीतून वर येणारी, सगळ्यात रुंद, पांढुरकी, मागून उजेड धरला की रेघाच रेघा दिसणारी. टोकाला निळी पट्टी चिकटवलेली. ती आमची.

"सगळ्यात जास्त बोलणारा माणूस," मामा म्हणाले. "म्हणून सगळ्यात जास्त तारा." मला हसू आलं. त्यांनाही आलं.

ती जिथे खाचेत बसली होती तिथे मामांनी टॉर्च धरली. उजव्या हातात धरली होती. उजेड थरथरायला लागला, खाचेवरून वायरीवर, वायरीवरून माझ्या बोटांवर. त्यांनीच एकदा हाताकडे बघितलं आणि टॉर्च डाव्या हातात घेतली. उजेड स्थिर झाला. आणि मग मला दिसलं: पट्टीच्या टोकावर एक पांढरी रेघ असते, ती खाचेच्या तोंडाशी समांतर हवी. आमची एका बाजूने किंचित वर उचललेली होती, केसभर. मागे दिवाळीत बॅटरी बदलून घेतली होती, तेव्हा ती जरा तिरकी बसली असेल. किंवा स्कूटरवरून कराडला नेताना माझ्याच धक्क्यांनी सरकली असेल. काय झालं ते आजही सांगता येणार नाही.

मामांनी वायरीला हात घालायला बोट पुढे केलं आणि मी त्यांना थांबवलं. "ओढायची नाही मामा. आधी ती काळी झडप उघडायची."

खाचेच्या पाठीला एक बारीक काळी पट्टी असते, दाराच्या कडीसारखी. ती नखाने वर उचलली की वायरीवरची पकड सुटते. न उचलता ओढली तर एक तर वायर फाटते नाहीतर झडप मोडते, आणि मग कराडच्या दुकानाशिवाय गत्यंतर नाही. मी नखाने ती अलगद उचलली. ती उभी राहिली. वायर निळ्या पट्टीला धरून मागे घेतली, आणि ती इतक्या सहज निघून आली की मला वाटलं तुटलीच.

टोकावर रुपेरी रेघांची रांग होती. एका कडेच्या रेघांवर मळकट डाग होता, चहासारखा. मामांकडे इंजेक्शनच्या वेळचं स्पिरिट होतं, कापूस होता. कापसाचा बारीक बोळा काडीला गुंडाळून त्यांनी मला दिला आणि मी एकाच दिशेने, खरवडल्यासारखं न करता, पुसून काढलं. वायर दुमडायची नाही, तिच्यावर घडी पडू द्यायची नाही, एवढं सांभाळलं. वाळू दिलं. तोवर मी चहा केला, पण तो आम्ही टेबलापासून लांब, ओट्यावरच प्यायलो.

बसवणं अवघड निघालं. वायर त्या खाचेत सरळ सारायची, दोन्ही बाजू सारख्या आत गेल्या पाहिजेत, आणि मग ती तशीच धरून झडप खाली दाबायची. मी डाव्या हाताने वायर धरली, उजव्याने झडप दाबायला गेले की वायर तिरकी व्हायची. पुन्हा. पुन्हा तेच. चष्मा घसरत होता, कपाळावर घाम आला होता. घड्याळात बघितलं तर चार वाजत आले होते. मी वायर सोडून दिली आणि खुर्चीला टेकले. "नाही होत, मामा."

"दोन हातांचं काम न्हाई त्ये," मामा म्हणाले. "चार हातांचं हाय. तू धर. मी दाबतो."

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं गेलं. त्यांनीही ते बघितलं. झडप म्हणजे नखाएवढी रुंद, कागदाएवढी पातळ. बोट घसरलं तर ती मोडणार. क्षणभर मनात आलं, डाव्या हाताने दाबा म्हणावं. पण माझ्या दोन्ही हातांनी वायर धरल्यावर डावी बाजू माझ्याच कोपराने अडत होती. उजव्या बाजूनेच येता येत होतं.

"दाबा," मी म्हणाले.

मामांनी खुर्ची जवळ घेतली. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, मिरजेच्या बाईंनी शिकवलं होतं तसं. श्वास घेतला, थांबले. मी वायर दोन्ही हातांच्या बोटांत धरून आत सारली, पांढरी रेघ खाचेशी जुळवली. त्यांची तर्जनी पुढे आली. ती कापत होती. झडपेला टेकली आणि टेकल्यावर कापायची थांबली. त्यांनी एका टोकाला दाबलं, मग दुसऱ्या टोकाला. झडप खाली बसली.

बॅटरी जोडली, झाकण नुसतंच वर ठेवलं, लॅपटॉप सुलटा करून चालू केला. पडदा उजळला. मी 'क' दाबला. काही नाही. 'स'. नाही. सगळीच्या सगळी बटणं मेलेली.

आधी निदान तीनच अक्षरं गेली होती, आता पूर्ण भाषाच गेली. मी मामांकडे बघितलं तर ते अजिबात घाबरलेले नव्हते. उलट त्यांच्या तोंडावर समाधान होतं.

"आधी तीन बंद व्हती. आता सगळी बंद हायत. म्हंजी आपुन बरोबर वायरीला हात घातला, येवढं तर नक्की झालं."

मी हसायलाच लागले. घाबरलेली असताना हसू आलं की ते थांबत नाही, तसं झालं. मामा शांत बसून माझं हसणं संपायची वाट बघत राहिले, आणि मग म्हणाले, "चल, पयली बॅटरी काढ."

पुन्हा सगळं केलं. बॅटरी काढली, झडप उचलली, वायर बाहेर घेतली. मामांनी टॉर्च तोंडात धरायचा प्रयत्न केला, ते जमेना, म्हणून मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून त्याचा उजेड पाडला. बघितलं तर वायर पुरती आत गेलीच नव्हती. मी तिला जपून, भीत भीत सारत होते. या वेळी मी ती टेकेपर्यंत सारली. आतून कशाला तरी अडल्याचं बोटांना कळलं. "आता," मी म्हणाले. मामांनी दाबलं. या वेळी त्यांचं बोट लगेच स्थिर झालं, का मला तसं वाटलं, कोण जाणे. झडप बसताना बारीक टक्‌ आवाज झाला. तो दोघांनीही ऐकला.

लॅपटॉप चालू झाला. मी 'काडी' लिहिलं. काडी उमटलं. मग मी उगाचच द्राक्ष, फवारणी, वारा, धारवाड, जे सुचेल ते लिहीत गेले आणि प्रत्येक शब्दापुढे पूर्णविराम देत गेले.

"मला बघू दे," मामा म्हणाले.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांना अक्षरं कुठे आहेत ते माहीत नव्हतं, मी दाखवत गेले. उजव्या तर्जनीने एकेक बटण शोधत त्यांनी त्यांच्या पलटणीचं नाव लिहिलं. मध्ये एक अक्षर दोनदा दाबलं गेलं, ते पुसलं. लिहून झाल्यावर बराच वेळ पडद्याकडे बघत बसले.

संध्याकाळी आत्या कोरेगावहून आल्या. भाचीचं ठरलं होतं, त्या खुशीत होत्या. पण टेबलावरच्या विणलेल्या चादरीवर पेचकस, कापूस आणि काळे डाग बघून त्यांचा चेहरा बदलला. "आवं, ही चादर कशाला घेतली? जुनं धोतर न्हवतं का?"

"पांढरी व्हती म्हणून," मामा म्हणाले. "बारीक सामान दिसाय पायजे."

"निघत्याल का ह्ये डाग?"

"स्पिरिटनं निघत्याल," मामा म्हणाले. ते निघाले नाहीत. चादर अजून त्या डागांसकट टेबलावर आहे.

त्या रात्री जेवताना मामा बोलत होते. डोंगरात बर्फात लाइन टाकताना वायर गोठून काचेसारखी व्हायची, वाकवली की मोडायची, म्हणून आधी शेकोटीजवळ धरायची, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आत्याही म्हणाल्या, मला तरी कुठं सांगितलं होतं. शनिवारी नवरा कीबोर्ड घेऊन आला. त्याची गरज उरली नव्हती, पण तो ठेवला. आता मामा त्यावर शिकतात.

त्याच महिन्याअखेरीस मिरजेला तपासणी होती. मीच त्यांच्याबरोबर गेले, कारण तिथून सांगलीला पुस्तकाची शेवटची पानं बघायची होती. फिजिओथेरपीच्या बाईंनी हात बघितला, बोटं वाकवून बघितली आणि विचारलं, व्यायाम करता ना नीट. मामा म्हणाले, "मटकी बंद केलीया. आता टायपिंग करतो." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्या म्हणाल्या, चालेल, पण चिमटे सोडू नका. मामांनी चिमटे सोडले नाहीत. आता ते तसे तक्रार न करता करतात. शर्टाचं वरचं बटण अजून लागत नाही, ते आत्या लावतात. बाकीची ते स्वतः लावतात. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे दारात उभे राहून वाट बघतो.

पुस्तक वेळेवर छापून आलं. मामांनी ते उलटसुलट बघितलं आणि द्राक्षवाल्यांची कामं लय किचकट, आपला ऊस बरा, असं मत दिलं.

आमचं काम आता असं चालतं: दुपारी जेवणं झाली की मामा हस्तलिखित घेऊन माझ्यासमोर बसतात आणि मोठ्याने वाचतात. मी टाइप करते. कागदाकडे सारखी मान वळवावी लागत नाही, त्यामुळे माझं काम निम्म्या वेळात व्हायला हवं. तसं ते होत नाही, कारण मामा लेखकांशी वाद घालतात. सध्या पाककृतींचं पुस्तक आलेलं आहे. परवा पांढऱ्या रश्श्याचं पान वाचताना ते थांबले आणि म्हणाले की ह्या बाईंनी कधी मटण शिजवलेलं दिसत नाही. आतून आत्यांनी विचारलं, काय लिहिलंय. मामांनी परत वाचून दाखवलं. आत्या हात पुसत बाहेर आल्या, मामांच्या खांद्यावरून कागदात डोकावल्या आणि म्हणाल्या, खोबरं कमी हाय, पण बाकी बरोबर हाय, लिव्ह तू.